सूर्यचुलीतला कच्चा भात

मी सुरतेच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. शिकवत असे म्हणजे मला ते येत असे, असा अर्थ कोणी काढू नये. कॉलेजात असताना माझ्या हातून प्रयोगशाळेच्या इतक्या काचा फुटल्या होत्या, की माझं लग्न ठरल्याचं ऐकून तिथल्या शिपायाने उघड उघड हुश्श केलं होतं. पण गुजरातेत मराठीतून विज्ञान शिकवणारी बाई मिळणं अवघड. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी त्या शाळेत शहाणी ठरले आणि तो शहाणपणा मी मनावर घेतला.

नानपुऱ्यातल्या आमच्या चाळीत माझी एक ख्याती होती. एकदा सूर्यग्रहणाच्या वेळी सगळी चाळ दारं लावून, पाण्यात तुळशीपत्रं टाकून बसली असताना मी भर गॅलरीत उभी राहून केळं खाल्लं. ग्रहणात खाल्ल्याने काही होत नाही हे सर्वांना दाखवायचं होतं. केळं फार पिकलेलं होतं आणि माझं पोट आधीपासूनच बरं नव्हतं, पण हे नंतर कोणाला सांगणार? दोन दिवस मी अंथरुणाला खिळले आणि शेजारणी पाळीपाळीने ओव्याचं पाणी घेऊन आल्या. विज्ञानाचा त्या चाळीत तेव्हा जो पराभव झाला, तो मी असेपर्यंत भरून निघाला नाही.

घरात आम्ही पाच जणं. आमचे हे बँकेत होते. लेक पाचवीत होती आणि माझ्याशी मराठीत, मैत्रिणींशी गुजरातीत आणि रागावली की हिंदीत बोलायची. चौथे माझे सासरे आणि पाचव्या सासूबाई. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर सासूबाईंना घेऊन ते आमच्याकडे सुरतेला आले. माझ्या वर्गात जे तक्ते टांगलेले असत, हृदयाचे, फुलाचे, बेडकाच्या पचनसंस्थेचे, ते सगळे त्यांनी काढलेले. तपासणीला आलेले साहेब माझं शिकवणं ऐकता ऐकता तक्त्यांकडेच बघत राहायचे आणि शेरा चांगला द्यायचे. माझी नोकरी मामंजींच्या ब्रशावर चालली होती हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या वर्षी श्रावणात सासूबाई गेल्या. आजार थोडक्या दिवसांचा. रडायला, धावपळ करायला वेळ मिळाला नाही तोवर सगळं आटोपलं.

दहाव्याला तापीच्या घाटावर गेलो. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. मी गेले, कारण मी सुधारक होते आणि मला कोणी अडवलं तर काय बोलायचं हे मी पाठ करून ठेवलं होतं. कोणी अडवलं नाही. पाऊस भुरभुरत होता. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही बाजूला उभं राहून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळे होते, पण पिंपळाच्या आत दडून बसलेले. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे झाला. आमचे हे म्हणाले, बाबांना काही कमी पडू देणार नाही. सासूबाईंचे भाऊ म्हणाले, गावचं देवीचं सगळं वेळेवर होईल. मी म्हटलं, नातीला खूप शिकवीन. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या माना पिंपळाकडे वळायच्या आणि परत खाली यायच्या. मामंजींना पुढे केलं, तेव्हा ते पिंडाजवळ जाऊन उभे राहिले, ओठ हलले आणि काही न बोलता मागे आले. बराच वेळ गेल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मी काय करावं? मी मामंजींसमोर पाट मांडून बसले आणि त्यांना कावळ्याचं शास्त्र समजावून सांगितलं. पावसात पाखरं आडोसा सोडत नाहीत. शिवाय घाटावरच्या कावळ्यांना रोज इतके पिंड मिळतात की त्यांना भूक अशी राहतच नाही. इच्छा राहिली, आत्मा अडकला, असलं काही नसतं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्यानंतर मामंजी जेवेनासे झाले. जेवायला बसत, पण दोन घास खाऊन उठत. गॅलरीतल्या खाटेवर तासन्‌तास पडून राहत. ब्रश वाळून कडक झाले. शर्ट अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीरात काही दोष नाही, मन रमवा. मन रमवायला मी काय काय केलं ते आठवलं तरी लाज वाटते. त्यांना बुद्धिबळ आणून दिलं, ते त्यांना येत नव्हतं. पोपट आणण्याचा विचार होता, पण पाखराचा विषय नको म्हणून यांनी मोडता घातला. आवडीचे पदार्थ करून झाले. दिवाळीत ते अनारशाचा तुकडा हातात धरून बसले होते आणि शेवटी तो लेकीने खाल्ला. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत असाच संपत जाणार, या भीतीने मला शाळेत फळ्यासमोर उभं असताना घाम फुटायचा. मला ते फार आवडायचे. माझ्या वडिलांपेक्षा जास्त, हे मी माहेरी कधी बोलले नाही.

फेब्रुवारीत चौकाकडच्या एका सभागृहात विज्ञानाचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हा गावात विज्ञानासाठी म्हणून वेगळी इमारत नव्हती. लग्नाच्या हंगामात जिथे पंगती उठायच्या तिथेच पडदे लावून विज्ञान मांडलं होतं. हँडल फिरवलं की दिवा लागायचा. रबरी नळ्यांचं हृदय होतं, त्यातून लाल शाईचं पाणी ढकललं जायचं आणि थोडं जमिनीवर सांडायचं. दोन खोल्यांत दोन टेलिफोन ठेवले होते. घरी एकमेकांशी न बोलणारी नवरा-बायको तिथे रांग लावून एकमेकांना हॅलो म्हणत होती. सुरतेला लागूनच्या उधन्यातल्या मिलमधली खानदेशी मंडळी धुतलेले कपडे घालून पोराबाळांसह आली होती. त्यांची गर्दी जरीची तार ओढण्याच्या यंत्राच्या नमुन्याभोवती होती, आणि ते बरोबर चालत नाही यावर त्यांचं एकमत झालं होतं.

मी वर्ग घेऊन गेले, तेव्हा तिथे एक सूचना वाचली. रविवारी मागच्या मैदानात कुटुंबांनी मिळून सूर्यचूल बनवायची आणि तीत काहीतरी शिजवायचं. खोकं, काच, भुसा, काळा रंग दिलेला डबा, चहाच्या पेटीतला चंदेरी कागद, सगळं तिथेच मिळेल. रॉकेलच्या रांगांत आम्ही सगळ्याच उभ्या राहत होतो, त्यामुळे फुकटच्या उन्हात भात शिजणार हे ऐकून माझ्यातली गृहिणी आणि शिक्षिका दोघी एकदम जाग्या झाल्या. आणि लगेच मामंजी आठवले. त्यांना उन्हात, माणसांत, पोरांत नेऊन बसवायचं.

ते सरळ येणार नव्हते. मी त्यांना सांगितलं की नियमाप्रमाणे कुटुंबात तीन पिढ्या हव्यात, नाहीतर नातीला भाग घेता येणार नाही. असा काही नियम नव्हता. जिने मुलांना सत्याचे प्रयोग करायला शिकवायचं, ती बाई बिनदिक्कत खोटं बोलली आणि वर लेकीलाही डोळ्यांनी दटावलं. मामंजी खाटेवर उठून बसले. मग नातीचं नुकसान नको म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी काळी टोपी घातली, कोट चढवला आणि लग्नाला निघाल्यासारखे आमच्याबरोबर निघाले. कोटात अजून एक माणूस मावला असता.

मैदानात प्रत्येक कुटुंबाला एक टेबल दिलं होतं. आमच्या उजवीकडे एक सुरती कुटुंब होतं, त्यांची खिचडी होती. डावीकडे उधन्याचं जोडपं, नवरा यंत्रमागावर कामाला, त्यांनी बटाटे आणले होते. आम्ही भात लावायचं ठरवलं. मीच ठरवलं. भात म्हणजे सोपा, असं मी म्हटलं.

चूल बनवताना मी सूचना दिल्या आणि बाकीच्यांनी काम केलं. यांनी खोक्याच्या आत दुसरं खोकं बसवून मधे भुसा भरला. लेकीने चंदेरी कागद चिकटवला, निम्मा स्वतःच्या फ्रॉकला. मी काच बसवायला गेले तेव्हा हे काही न बोलता पुढे झाले आणि काच माझ्या हातातून काढून घेतली. उधन्याच्या बाई सगळीकडून खोकं बघून गेल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, यान्हामा इस्तो कोठे शे?" विस्तव कुठे आहे यात, असं त्यांचं विचारणं होतं. मी त्यांना उष्णतेचे किरण, काळा रंग, काच, कोंडलेली हवा असं पाठ समजावलं. त्यांनी मान डोलवली आणि जाताना खोक्याखाली वाकून पुन्हा एकदा पाहिलं.

मामंजींना मी खुर्ची दिली आणि काम दिलं. ऊन सरकेल तसं खोकं फिरवायचं. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने पाहते तो त्यांनी खोक्याच्या कडेला एक पेन्सिल उभी रोवली होती आणि तिची सावली नेमकी मागे पडेल असं ते खोकं हलवत होते. लेक त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी यांना कोपराने ढोसलं.

नियम एकच होता. डबा आत ठेवला आणि वरची काच बंद केली की एक वाजेपर्यंत ती उघडायची नाही. उघडली की कोंडलेली उष्णता पळते. एक कॉलेजातला तरुण स्वयंसेवक टेबलाटेबलांवर जाऊन हे बजावत होता. मी त्याला म्हटलं की मी स्वतः विज्ञान शिकवते. तो आदराने पुढे गेला.

आता, ज्या बाईने रोज भात केलाय, तिला विचारा. भात न बघता शिजतो का? शितावरून भाताची परीक्षा, असं आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि त्यासाठी शीत तरी हातात आलं पाहिजे. मी थोडा वेळ कळ काढली. मग वाटलं, पाणी कमी तर नाही पडलं? काच जराशी सरकवली, डब्याचं झाकण उचललं, शीत दाबलं. दगड. घाईने बंद केलं. पुढच्या वेळी मीठ घातलं का ते आठवेना. त्याच्या पुढच्या वेळी कारणही नव्हतं, हात आपसूक गेला. तो स्वयंसेवक लांबून म्हणाला, "बेन, ढांकणुं खोलता नहीं." मी म्हटलं, नाही नाही, नुसतं बघतेय. मामंजी पेन्सिलीच्या सावलीवरची नजर न काढता हळूच म्हणाले, "सूनबाई, झाकण." कित्येक महिन्यांत आपणहून बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता. आनंदाने मी इतकी भांबावले की हातातलं झाकण तसंच हातात राहिलं.

एक वाजला. एक प्राध्यापक हातात लांब थर्मामीटर घेऊन परीक्षक म्हणून आले. सुरती कुटुंबाची खिचडी उघडली, तर वाफ थेट आमच्यापर्यंत आली. मऊ, पिवळीधमक झाली होती. उधन्याच्या बाईंचा बटाटा बोटाने चिरडला जात होता, आणि त्या आता खोक्याकडे निराळ्या नजरेने बघत होत्या. मग आमची पाळी. मी काच पूर्ण बाजूला केली, डबा उघडला. वरचे दाणे फुगलेले, मधले टणक आणि तळाशी पाणी. प्राध्यापकांनी थर्मामीटर घातला, काढला, माझ्याकडे पाहिलं आणि मी काय शिकवते ते विचारलं. मी म्हटलं, मराठी. हे दुसरीकडे बघायला लागले.

सगळे खिचडीभोवती जमले. मी डबा उघडा ठेवून पिशवीत उगाच काहीतरी शोधत होते, तोंड लपवायला पिशवी बरी. एवढ्यात कुंपणाजवळच्या निंबावरून एक कावळा उतरला आणि आमच्या खोक्याच्या काठावर बसला. त्याने मान तिरकी करून आधी चंदेरी कागद पाहिला, त्यावर एक टोच मारली. मग डब्यात चोच घातली आणि भात उचलला. खाल्ला. पुन्हा चोच घातली.

तो स्वयंसेवक हातातलं वर्तमानपत्र गुंडाळत धावला. आणि मी ओरडले, "हाकलू नका, त्याला खाऊ द्या." इतक्या मोठ्याने ओरडले की खिचडीभोवतीची सगळी माणसं वळली. स्वयंसेवक हात वर तसाच धरून उभा राहिला.

मामंजी खुर्चीतून उठले होते. खुर्चीची पाठ धरून ते कावळ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. मी पाहिलं तर माझे दोन्ही हात जोडलेले होते. कधी जोडले ते कळलं नाही. ग्रहणात केळं खाणारी मी, विज्ञान प्रदर्शनाच्या मैदानात, प्रदर्शन बघायला आलेली माझ्या वर्गातली चार मुलं समोर आ वासून उभी असताना, एका कावळ्यापुढे हात जोडून उभी होते. शेजारी हेही तसेच. मनात मी सारखं म्हणत होते, सासूबाई, सावकाश, पोटभर. भात बरा झाला नाही याचं मला मरणाचं वाईट वाटत होतं.

उधन्याच्या बाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. सुरती कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाईंनीही. प्राध्यापकांना मात्र काही उलगडेना, कारण एक अख्खं कुटुंब आपलं अन्न कावळ्याला खाऊ देत होतं आणि कोणी काही करत नव्हतं. त्यांनी माझ्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मारां दादी जमवा आव्यां छे." आजी जेवायला आलीये, असं तिने सरळ सांगून टाकलं. प्राध्यापकांनी थर्मामीटर खिशाला लावला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले.

कावळ्याने अजून थोडा भात खाल्ला, थोडा उडवला, चोच काठाला घासली आणि तो पुन्हा निंबावर जाऊन बसला.  मामंजी हळूहळू खोक्याजवळ गेले. टेबलावर सांडलेलं एक शीत त्यांनी उचललं आणि अंगठा-बोटात दाबून पाहिलं. ते दबलं नाही.

"ती नव्हती ही," ते म्हणाले. "असला भात तिने तोंडात घातला नसता."

मला आधी कळलंच नाही की ते हसत आहेत. खांदे हलत होते. हसता हसता त्यांनी टोपी काढली, ती तोंडावर धरली आणि मग ते रडायला लागले. दहाव्याला, तेराव्याला, कधीच रडले नव्हते ते तिथे, रबरी हृदय आणि टेलिफोन असलेल्या त्या सभागृहामागे, सगळ्या सुरतेसमोर रडले. यांनी त्यांना खुर्चीत बसवलं. मीही रडत होते. माझं रडणं निम्मं दुःखाचं होतं आणि निम्मं बरं वाटल्याचं, आणि थोडं भाताचंही होतं.

डोळे पुसून झाल्यावर मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाटावर तुम्ही सगळ्यांनी तिला काही ना काही सांगितलंत. मलाही एक सांगायचं होतं. इतक्या लोकांपुढे लाज वाटली. मग वाटत राहिलं, मी बोललो नाही म्हणूनच कावळा आला नाही."

काय सांगायचं होतं, ते मी विचारलं. 

"हेच, की आता मी वेळेवर जेवीन."

मग मला सगळं दिसलं. मामंजी चित्राला बसले की त्यांना भुकेचं भान नसायचं. सासूबाई ताट वाढलंय म्हणून सांगायच्या, ते हो म्हणायचे आणि उठायचे नाहीत. आमटी पुन्हा गरम व्हायची, पुन्हा निवायची. त्यांच्याआधी जेवायचं नाही असा त्या काळच्या बायकांचा नेम, म्हणून त्याही उपाशी बसून राहायच्या आणि स्वयंपाकघरातून बडबड करायच्या. दोघं सुरतेला आली तेव्हापासून मी रोज तेच भांडण ऐकत होते आणि मला ते भांडण आहे असंच वाटायचं. आम्ही घाटावर देवीचं, नातीच्या शिक्षणाचं, कशाकशाचं वचन दिलं. बाबांना काही कमी पडू देणार नाही, असंही यांनी सांगितलं. पण वेळेवर जेवण्याचं वचन दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं.

मामंजींनी प्राध्यापकांना वेळ विचारली. त्यांनी घड्याळ पाहून सांगितली.

"मग वाढ," मामंजी मला म्हणाले.

वाढ म्हणाले, पण वाढू काय? सूर्यनारायणावर विसंबून त्या दिवशी घरी मी चूल पेटवलीच नव्हती. पिशवीत ताटली होती, मेतकूट होतं, लिंबाचं लोणचं होतं, आणि भात निंबावर गेला होता. मी म्हटलं, घरी जाऊ, मी पटकन पिठलं टाकते. मामंजी म्हणाले, उशीर होईल. ते तसे उठायला तयार नव्हते आणि मी उभी राहून नुसती पिशवी चाचपत होते. तेव्हा सुरती कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातातून ताटली घेतली, खिचडीने भरली, वर तूप सोडलं आणि मामंजींपुढे ठेवली. मग पदराने ताटलीची कड पुसली.

मामंजींनी ताटलीभोवती पाणी फिरवलं. पहिला घास घेतला आणि मला म्हणाले, बघ, झाकण न उघडता शिजवली की अशी होते. आजवर माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. मी हो म्हटलं. मी त्यांच्यासमोर गवतात बसले आणि ते एकेक घास खात होते ते बघत राहिले. ताटली संपेपर्यंत ते उठले नाहीत. बाईंनी पुन्हा वाढायला डबा पुढे केला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला नाही.

जेवण झालं. लेकीने हातावर पाणी घातलं. तोंड पुसता पुसता मामंजींनी वर निंबाकडे पाहिलं. कावळा अजून तिथेच होता, पंख साफ करत. आपल्याकडे कोणी बघत नाही असं पाहून ते अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "जेवलो गं."